शॉर्टकटच्या बांधाचं भांडण

आता काय सांगू तुम्हाला, एखाद्याला थोडंसंच काही येत असलं ना, की त्याच्या घरच्यांचं काही खरं नसतं. आमच्या घरात ते थोडंसं मला येतं!

मी लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. बुकिंगचा कॉम्प्युटर माझ्या हाताखाली, त्यामुळे गल्लीत मी संगणकतज्ज्ञ. कुणाचा प्रिंटर रुसला की मला बोलावणं येतं. मी जातो, बंद करून चालू करतो आणि चहा पिऊन येतो.

तर दसऱ्याचा दुसरा दिवस. आमची सुनंदा तिच्या माहेरच्या, म्हणजे वडिवळ्याच्या बचत गटासाठी तांदूळ महोत्सवातल्या स्टॉलचा अर्ज भरणार होती. दहा बायकांचा इंद्रायणी त्या स्टॉलवर विकला जाणार, आणि मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. सासरे, आमचे आबा, त्यासाठी मुद्दाम गावाहून आले होते.

"मी मोबाईलवर भरते," सुनंदा म्हणाली.

"छे! महत्त्वाची कामं मोठ्या पडद्यावर करायची असतात." आणि का नाही? आदल्याच दिवशी मी घरच्या कॉम्प्युटरची यथासांग पूजा केली होती!

बसलो ऐटीत. गावाच्या रकान्यात वडिवळ्याचा 'व' दाबला, तर उमटलं काय? 'चेक-आऊट सकाळी अकरा वाजता'! सकाळी हॉटेलच्या एका पाहुण्याला घरूनच कळवताना माऊसनं कॉपी केलेली ओळ. 'प' दाबला, तर प्रिंटची चौकट उघडली. माऊसचं चाक फिरवलं, तर अक्षरं चिक्कीच्या दुकानाच्या पाटीएवढी झाली.

"शॉर्टकटचं भांडण आहे," मी जाहीर केलं.

"म्हंजी वो?" आबांनी विचारलं.

"एकाच बटणावर दोन प्रोग्रॅम हक्क सांगतात, आबा. बांधावरून भाऊ भाऊ भांडतात ना, तसं."

"मंग मोजणी बोलवा की!"

मोजणी कशाला? मी होतो ना! फोटो काढायचा प्रोग्रॅम संशयित, काढून टाकला. फरक नाही. गाण्यांचा काढला. फरक नाही. शेवटी मराठी टायपिंगचाच काढला, कारण सगळ्यात जास्त बटणं त्याच्याच नावावर होती! तीनदा बंद करून चालू केलं. बटणं तर अशी बडवली, की शेजारच्या वहिनी डोकावून गेल्या.

"अहो, पावणेपाच झाले," सुनंदाचा आवाज चढला.

"जावयबापू," आबा म्हणाले, "गिरनीत दाना आडकला, की आमी आदी यंत्र झटकतो. ह्ये उलटं करून बगा."

"आबा, ही काय भाताची गिरणी आहे? हे सॉफ्टवेअरचं काम आहे!"

"व्हय, व्हय," म्हणत आबांनी कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि पाठीवर दोन थापा दिल्या. टप्पकन एक दाणा फरशीवर पडला. लालभडक, कुंकवात भिजलेला!

अहो, दसऱ्याची अक्षता! पूजा करताना मीच मूठभर उधळली होती. त्यातला एक दाणा कंट्रोलच्या बटणापाशी पाचर मारून बसला होता. बटण दाबलेलंच राहिलं, म्हणून मी प्रेमानं लिहिलेलं प्रत्येक अक्षर कॉम्प्युटरला हुकूम वाटत होतं. भांडण कुणाचंच नव्हतं हो!

"ह्यो तर आपलाच इंद्रायनी!" आबा खूश.

"आता तरी टाइप करा," सुनंदा म्हणाली.

कशानं करू? मराठी तर मी मुळापासून उपटली होती. खरं सांगतो, त्या दहा बायका डोळ्यांपुढे आल्या आणि लाजेनं कान तापले.

सुनंदानं मोबाईल काढला. ती बोलत गेली, मोबाईल लिहीत गेला. पाच मिनिटांत अर्ज भरत आला! शेवटचा रकाना होता 'तांदळाचं वैशिष्ट्य'. तो तिनं आबांपुढे धरला.

आबांनी घसा खाकरला. "दाना आख्खा. लय टनक. आमच्या जावयानं दोन तास बडवला, तरी कनी झाली न्हाई."

"सुनंदा, ते खोड!" मी ओरडलो.

"वेळ कुठंय?" ती म्हणाली, आणि अर्ज गेलासुद्धा.

स्टॉल मिळाला बरं का! मंजुरीच्या पत्रात आयोजकांनी खाली एक ओळ जोडली होती: 'प्रात्यक्षिकासाठी जावयांना सोबत आणावे.'