पिंडाला शिवलेला पक्षी

भर पावसाळ्यात समुद्र खवळला की खोल पाण्यातले पक्षी मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. एरवी ते जमिनीकडे फिरकत नाहीत. दूरच्या ओसाड बेटांवर अंडी घालायची आणि उरलेलं आयुष्य लाटांवर काढायचं, एवढंच त्यांना माहीत. वाऱ्याने भरकटून, उपाशीपोटी ते इथे पोचतात आणि बहुतेक मरतात. निवृत्तीनंतर मला त्यांचा नाद लागला. वारा सुटला की मी लालबागहून बस पकडून दादरच्या किनाऱ्यावर जायचो. आधी चोच बघायची, मग पाय, मग शेपूट. रंगावर जायचं नाही, भिजलेल्या पक्ष्याचा रंग फसवतो. चाळीत मला दुर्बीणवाले काका म्हणत. पक्षी ओळखण्यात काका चुकत नाहीत, असा माझा लौकिक होता. त्याच्या जोरावर मी एका बाईचं घर घालवलं.

ती आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. नवरा, ती आणि शेवटपर्यंत सांभाळलेले सासू-सासरे. मूलबाळ नव्हतं. खोलीची भाडेपावती मात्र थोरल्या दिराच्या नावावर होती, आणि तो कधीच डोंबिवलीला राहायला गेलेला. चाळ पाडून टॉवर उठणार हे ठरलं, आणि त्याच सुमारास नवऱ्याचं दुखणं विकोपाला गेलं. आजारपणात तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायचा : खोली हिला राहू दे. थोरला उशाशी बसून मान डोलवायचा. तोंडाने हो कधी म्हणाला नाही.

तिच्या नवऱ्याच्या दहाव्याला आम्ही दादरच्या किनाऱ्यावर गेलो. आदल्या दिवसापासून वारा असा सुटला होता की छत्र्या उलटत होत्या. समुद्र चिखलाच्या रंगाचा झालेला. रेनकोटच्या आत मी कॅमेरा घेतला होता. दहाव्याला कॅमेरा न्यायचा नसतो, हे मला कळत होतं.

पत्रावळीवर पिंड मांडून सगळे मागे सरले. कावळे भिंतीवर ओळीने बसलेले. एखादा खाली उतरायचा, दोन उड्या मारायचा आणि मागे फिरायचा. ओरडत मात्र एकही नव्हता. ओल्या धोतरात कुडकुडत थोरला हात जोडून म्हणाला, "वर्षश्राद्ध वेळेवर करीन." कावळे हलले नाहीत. "गावच्या घरातला तुझा हिस्सा तसाच राहील." नाहीत. "हिला काही कमी पडू देणार नाही."

"कमी म्हणजे काय ता सांग," मागून दोघा भावांची म्हातारी आत्या म्हणाली. "खोलयेचा बोल, झिला. तेचो जीव थयच अडाकलो हा."

भटजींना पुढे सायनला जायचं होतं. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करू का? शास्त्रात सोय आहे."

"सोय तुमची," आत्या म्हणाली. "तेका बोलूक देवा."

ती बाजूला भिंतीला टेकून उभी होती. दिराकडे नुसती बघत होती. आम्ही सगळेच बघत होतो. थोरल्याने ओठांवरून जीभ फिरवली, भिंतीवरच्या कावळ्यांकडे पाहिलं. तो घाबरला होता. खोटं बोललो तर भावाला कळेल, अशी त्याची खरीच समजूत होती. शेवटी म्हणाला, "बरं. ऐक रे बाबा. ती खोली मी..."

तेवढ्यात समुद्राकडून काहीतरी काळं, पाण्याला लागून आलं आणि सरळ पत्रावळीवर आदळलं. भात उडाला. पंख पसरून, चोच पिंडात खुपसून तो पक्षी तसाच पडून राहिला.

"शिवला," कुणीतरी म्हणालं.

"ह्यो कावळो नाय," आत्या म्हणाली.

थोरला माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही सांगा. कावळाच ना?"

मला केव्हाच दिसलं होतं. लांब, बारीक, सरळ चोच. बोटांमध्ये पडदा. कपाळावर राखेसारखा फिकट पट्टा. तो नॉडी होता, लक्षद्वीपच्या बाजूच्या बेटांवर अंडी घालणारा समुद्रपक्षी. आमच्या पक्षी बघणाऱ्यांपैकी कुणालाही तो मुंबईत दिसला नव्हता. नाही म्हटलं असतं तर भटजींनी छत्रीने तो उडवला असता, पुन्हा पिंड मांडले असते आणि तो लाटेत गेला असता. सगळ्यांनी लवकर तिथून हलावं, एवढंच मला हवं होतं.

"कावळाच," मी म्हणालो. "त्यातलीच एक जात आहे. पावसात किनाऱ्याला लागते."

थोरल्याने हात जोडले. अर्धं राहिलेलं वाक्य त्याने पुरं केलं नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पत्रावळीकडे, आणि सगळ्यांबरोबर निघून गेली.

पक्षी पत्रावळीवरून वाळूत घसरला तसे मी पालथा पडून फोटो काढले. काढून झाले तसे भिंतीवरचे कावळे एकदम खाली आले, त्या पक्ष्यावर. मी छत्रीने हाकलत राहिलो, पण फार वेळ पुरा पडलो नाही. पिंडाला मात्र त्यांनी चोच लावली नाही. ते मी तिथे उभं राहून पाहिलं आहे.

फोटोतली पत्रावळीची कड मी कापून टाकली. जाणकारांनी खूप वाहवा केली. चाळ पडली. पावती थोरल्याची, म्हणून टॉवरमधली जागाही थोरल्याची. ती काळाचौकीला भावाकडे गेली आणि स्वयंपाकघरात अंथरूण घालू लागली. कुणी विषय काढला की थोरला म्हणायचा, "भाऊ समाधानाने गेला. सगळ्यांनी पाहिलंय." माझ्यासमोरही म्हणायचा.

यंदा त्याला टॉवरमधल्या जागेच्या चाव्या मिळाल्या. मी आधी त्याच्याकडेच गेलो आणि सगळं सांगितलं. तो हसला. "चहा घ्या, काका. कावळा तुम्ही म्हणालात. मी कुठे पक्षी ओळखतो? आता डोळे तपासून घ्या."

मग तिच्याकडे गेलो. न कापलेला फोटो दाखवला. ती पक्ष्याकडे नाही, भाताकडे बघत राहिली.

"खोलीचं बोलणं पुरं व्हायच्या आत आमचे हे शिवून मोकळे झाले, असंच मी धरून चालले," ती म्हणाली. "म्हणजे माझं काहीही झालं तरी त्यांना चालणार होतं. तेव्हापासून पितृपक्षात मी त्यांचं पान वाढलेलं नाही."

"तो पक्षी भात खात नाही. मासे खातो. थकून पडला होता."

"म्हणजे ते शिवलेच नाहीत."

"नाही."

"मग अजून थांबलेत."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तसं म्हणण्याचा अधिकार मी त्या किनाऱ्यावर घालवला आहे.

ती म्हणाली, "उद्या भाऊजींकडे जायचं. तुम्ही माझ्यासमोर, त्यांच्या बायकामुलांसमोर सांगायचं."

"मी सांगितलं. तो हसला."

"हसू दे. मी भात शिजवून आणते. त्यांच्याच खिडकीत पान मांडीन आणि बसून राहीन. कावळा यायला हवा असेल तर ते वाक्य त्यांनी पुरं करायचं."

पत्रावळी मी आणायच्या आहेत.