चुलत्याचं मरण डॉक्टरांपासून लपवलं

माझा धाकटा भाऊ पोलीस भरतीसाठी पवना धरणाच्या रस्त्यावर पळायचा. सहा फुटांच्या वर, नुसती हाडं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला जाड चष्मा दिला, हाडांच्या डॉक्टरांनी पाठीला पट्टा. छातीत धडधडतं म्हटल्यावर तिसऱ्यानं ॲसिडिटीची गोळी दिली. एका पोराचे तीन तुकडे तिघांनी वाटून घेतले, अख्खा पोरगा कुणीच पाहिला नाही!

लोणावळ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी पाहिला. भिंतीला टेकून हात पसरायला लावले, टेपनं मोजले. पसरलेले हात उंचीपेक्षा जास्त भरले. "अंगठा आत घेऊन मूठ मिट." अंगठ्याचं टोक मुठीच्या पलीकडून बाहेर आलं. छाती, पाठ, तोंड उघडून टाळू, सगळं बघून त्यांनी आम्हाला विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

"न्हाई बा," आत्या म्हणाली. आईनं मान खाली घातली. वडील पंख्याकडे बघत बसले.

माझा चुलता भात झोडताना छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. तिशीही गाठली नव्हती. अख्ख्या गावाला माहीत आहे. पण रविवारी वराळ्याचे पाहुणे मला बघायला येणार होते, आणि घराण्यात दुखणं आहे म्हटलं की स्थळ मोडतं. म्हणून डॉक्टरांपुढेही तोंडं बंद. माझ्या लग्नासाठी!

"खोटं बोलतायत," म्हणत मी सगळं सांगितलं.

"गप गं भवाने," आत्या फुसफुसली. "लोकं हायेत हितं."

"असू देत. हा मेल्यावरही जमतीलच."

बाईंनी त्याच दिवशी हृदयाची सोनोग्राफी करायला लावली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मुळाशी फुगली होती. "शरीर बांधून ठेवणारा धागाच जन्मापासून कच्चा आहे. पिढीजात आहे हे. पळणं आजपासून बंद. ही नस फाटली तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळत नाही. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करा."

रविवारी पाहुणे आले. चहाच्या आधीच मी सांगून टाकलं.

"म्हंजी पोरीलाबी आसंल?" मुलाच्या मामांनी वडिलांना विचारलं.

"असेलही. तपासणी व्हायचीय," मीच म्हणाले.

ते बिस्किटाला हात न लावता उठले. आई आत रडायला लागली. दारात भाऊ बूट चढवत होता.

"कुठं निघालास?" मी विचारलं.

"उगं चालून येतो. घरात बसवंना."

"चाल. पळालास तर तंगडं मोडीन."