कोळसा, बटण आणि बाथरूमचं दार

फोटोंना फ्रेमा करून देणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली फ्रेमवाले म्हणूनच ओळखायची. खाली दुकान, वर घर. घरात ते, त्यांची बायको आणि दोन कुत्री: काळाकुट्ट कोळसा आणि आखूड पायांची बटण. दोघांचा सगळा जीव बायकोवर. फ्रेमवाल्यांना मात्र ही कुत्री भाडेकरूसारखी वागवायची. भांडण नाही, पण जवळीकही नाही.

"वीज कडाडली की आमचे शूर शिपाई बाथरूममध्ये लपतात," असं ते गिऱ्हाइकांना हसत सांगायचे. बायकोही आत जाऊन त्यांच्याजवळ बसायची. मुक्या जिवांसाठी किती करते, असं त्यांना वाटायचं.

त्या उन्हाळ्यात मेहुणीचं कंबरेचं हाड मोडलं आणि बायको तिच्या मदतीला गेली. कुत्री फ्रेमवाल्यांच्या गळ्यात पडली.

एका दुपारी आभाळ एकदम काळवंडलं. वारा सुटला, पत्रे वाजू लागले. फ्रेमवाले सवयीने आधी खाली धावले. भिंतीला टेकून ठेवलेल्या काचा आडव्या केल्या, शटर ओढलं आणि वर आले. तेवढ्यात वीज कडाडली आणि दिवे गेले.

कुत्री बाथरूमच्या दारात उभी होती. आत जात नव्हती, त्यांच्याकडे बघत होती.

"जा की आत. दार उघडंच आहे."

कोणी हललं नाही. त्यांनी बिस्किटं टाकली. बटणने वासही घेतला नाही. जुनी चादर अंथरली. कोळशाने ती ओलांडली, त्यांच्या पायजम्याचं टोक दातांत धरलं आणि ओढायला लागला. याला भीतीने वेड लागलं की काय, त्यांना कळेना. पाय सोडवावा तर बटण मागून ढकलत होती. शेवटी वैतागून ते आत गेले आणि उपड्या बादलीवर बसले.

बटण त्यांच्या पावलांवर आडवी झाली. कोळशाने जडशीळ डोकं त्यांच्या मांडीवर टाकलं. पुन्हा गडगडाट झाला, खिडकीची तावदानं थरथरली. फ्रेमवाल्यांनी धीर द्यायला कोळशाच्या छातीवर हात ठेवला. छाती संथ चालली होती. त्याने चक्क जांभई दिली.

मग ही दोघं इथे आली कशाला?

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, पाऊस आहे का तिकडे?" बायको विचारत होती.

"आहे. अगं, ही कुत्री मला बाथरूममध्ये घेऊन बसलीत. घाबरल्यासारखी तर दिसत नाहीत."



"ती कधीच घाबरत नाहीत," ती म्हणाली. "मी घाबरते. लहानपणापासून."

"तू? पण तू तर... मी सगळ्यांना सांगत आलो की कुत्री..."

"सांगत होतात, मी ऐकत होते. बरंच होतं ते. आणि ढग वाजले की तुम्ही काचांकडे पळायचात. ही दोघं माझ्याकडे यायची."

फ्रेमवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. माफी मागावी, तर नेमकी कशाची? रागवावं, तर कोणावर? एवढा संसार झाला आणि ही गोष्ट कुत्र्यांना माहीत, आपल्याला नाही. डोक्यात नुसता गोंधळ उडाला.

"तिकडे कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच वाजायला लागलंय. ताई झोपलीये." तिचा आवाज बारीक झाला होता.

"मग मी काय करू?"

"काही नाही. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

त्यांनी घसा खाकरला. काल एका बाईंनी लग्नाचा फोटो आणला होता, तो कडेला फाटलेला होता, म्हणून मागे जाड पुठ्ठा लावावा लागला, असं ते सांगू लागले. मग पुठ्ठ्याबद्दल. मग खिळ्यांबद्दल. हे असलं ऐकून कोणाची भीती जाते का, त्यांना काही समजत नव्हतं. मधूनच पलीकडे मोठा कडकडाट ऐकू आला.

"आहेस ना?"

"आहे. पुढे?"

इकडचा पाऊस केव्हाच ओसरला होता. कुत्री उठून बाहेर गेली. फ्रेमवाले बादलीवरच बसून बोलत राहिले.