गॅलरीतली कांद्याची गोणी

सोनवणे सर आज सकाळी गेले. त्यांच्यासाठीची कांद्याची गोणी दोन आठवडे माझ्या गॅलरीत पडून आहे.

सर फिजिक्स शिकवायचे. दिंडोरी रोडला, पिठाच्या गिरणीच्या वर क्लास. वह्यांवर पीठ, फळ्यावर पीठ, सरांच्या भुवयांवरसुद्धा पीठ.

मी सटाण्याजवळच्या खेड्यातून आलेली. अकरावीच्या पहिल्याच टेस्टमध्ये तीसपैकी चार.

घरी फोन करून रडले. दुसऱ्याच दिवशी नाना, म्हणजे माझे वडील, मला न्यायला हजर.

"पोरीला जमत नाय म्हणते, सर. घेऊन जातो."

सरांनी माझा पेपर शोधून काढला. प्रश्न होता, चालत्या गाडीतून दगड सोडला तर कुठे पडेल? मी लिहिलं होतं, सोडला तिथेच, सरळ खाली.

"नाना, चालत्या ट्रॉलीवरून रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा टाकता ना शेतात? झाडाजवळ पडायला हवा असेल तर कुठे सोडता?"

नानांना वाटलं, सरांचं डोकं फिरलंय. तरी गावाकडच्या बोलीत सांगितलं,

"झाड येवाना आधीच सोडना पडस. नही ते पुढे जाईसन पडस."

"आणि टाकतं कोण?"

"हाईच," नानांनी माझ्याकडे बोट केलं.

सर माझ्याकडे वळले. "हाताला येतं ना? मग कागदावर का विसरलीस? ट्रॉलीचा वेग गठ्ठ्यालाही असतो. तो आधी लिही."

नाना एकटेच गावी गेले.

पुढे फळ्यावर त्याच ट्रॉलीत वरून कांदे ओतून सरांनी मोमेंटमही शिकवला. "इंजिन बंद, घर्षण नाही असं धरा. वजन वाढलं, वेग घटला. सोप्पंय!" सोपं अजिबात नव्हतं. पण गणितं सुटायला लागली.

आता मी सातपूरला इंजिनिअर आहे. नाना दरवर्षी उन्हाळ कांद्याची एक गोणी सरांसाठी पाठवतात. नेऊन द्यायचं काम माझं. सर दारातच कागद पुढे करायचे. "आधी हे गणित सोडव, मग गोणी आत."

यंदा आधी ऑफिस, मग लग्नं, मग ऊन.

परवा मी फोनवर म्हणाले, "सर, रविवारी नक्की येते."

"ये. गणित काढून ठेवलंय."

आज दुपारी नानांना सर गेल्याचं कळवलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"गोनी दिधी व्हती का?"

"नाही, नाना."

"आधीच देवाले पाहिजे व्हती, बेटा."

आधीच सोडायचं, हे मला येत होतं, सर. तरी पुन्हा विसरले. फार वाईट वाटतंय.

शेवटचा नमस्कार.