नायिकेच्या साडीचा रंग

जुना काळा-पांढरा सिनेमा कुणी रंगवून दाखवत असेल, तर पोरांनो, पाहू नका. हे मी रागावून लिहिते आहे. क्रमाने सांगते, म्हणजे राग कशाचा ते तुम्हाला कळेल.

आमच्या तरुणपणी एक सिनेमा आला होता. त्यातली नायिका वडिलांचं घर सोडून निघते, दारात थांबते आणि मागे वळून पाहते. बोलत काहीच नाही. अर्धा चेहरा सावलीत, आणि डोळ्यांत एवढासा उजेड. आजच्या नट्यांना पानभर संवाद देऊन जे जमत नाही, ते तिने नुसती मान वळवून केलं होतं. तुमची काकूआजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि मी तो सिनेमा एकत्र पाहिला आणि परतताना टांग्यातच आमचं भांडण जुंपलं. मी म्हटलं, तिची साडी हिरवी होती. ती म्हणाली, जांभळी. पडद्यावर रंग नव्हताच, पण आम्हा दोघींना तो स्वच्छ दिसला होता. काकाआजोबांनी बायकोची बाजू घेतली आणि दिवाळीला तिला मुद्दाम जांभळी साडी आणली. लग्नं, बाळंतपणं, बदल्या, सगळ्यांतून ते भांडण आम्ही टिकवलं.

काकाआजोबा गेल्यावर ती भांडेनाशी झाली. आमटी खारट झाली तरी, "असू दे, वहिनी." मुलाने घर विकायचं म्हटलं तरी, "तुम्ही सगळे म्हणाल तसं." मला ते बघवेना. तेवढ्यात आमच्या शहरातल्या अलकापुरी भागात, नव्या मल्टिप्लेक्समध्ये तोच सिनेमा लागला. जाहिरातीत "नव्या रूपात" असं होतं. मी समजले, प्रिंट धुऊनपुसून घेतली असेल. तिला तिच्या मांजलपूरच्या घरून जवळजवळ ओढतच नेलं.

नवं रूप कसलं! नायकाच्या गालांवर लाली, आभाळ प्लॅस्टिकच्या बादलीसारखं निळं. आणि दारातल्या त्या प्रसंगात साडी गुलाबी. मांडवाच्या कापडाची असते तशी गुलाबी! चेहऱ्यावरची सावलीसुद्धा पुसून टाकलेली. त्या बाईने सावलीत उभं राहून जे कमावलं, ते कुठल्याशा कॉम्प्युटरवाल्याने घालवलं होतं.

काकूआजी हळूच म्हणाली, "म्हणजे आपण दोघीही चुकलो. ह्यांनाही कळलं नव्हतं, वहिनी."

माझ्या अंगाची आग झाली. गेलेल्या नवऱ्याच्या शब्दावर तिला शंका घ्यायला लावायचा अधिकार या लोकांना कुणी दिला? दिवे लागताच मी मॅनेजरला गाठलं आणि इंग्रजीत विचारलं, हा रंग कुणाला विचारून ठरवला?

तो गुजरातीत हसत म्हणाला, "मासी, कलरमां तो केटलुं सरस लागे छे!"

"सरस? उद्या तुमच्या आजीच्या फोटोला लिपस्टिक लावा, तोही सरस दिसेल!" मीही गुजरातीवर आले. तो अजून हसला. त्याच्याशी बोलणं व्यर्थ होतं.

रिक्षात काकूआजी तोंड फिरवून बाहेर बघत बसली. "तुझीच जांभळी बरोबर" असं म्हणून तिची समजूत घालावी, असं क्षणभर वाटलं. पण ती दया तिने ओळखली असती. म्हणून मी ठणकावून म्हटलं, "गुलाबी नव्हतीच. हिरवी होती. भाऊजींना रंगातलं काय कळत होतं?"

ती गर्रकन वळली. "काय म्हणालात? ह्यांना कळत नव्हतं? तुमच्या दिवाणखान्याचे पडदे कुणी निवडले? तुम्ही तर शेवाळी रंगाचे आणायला निघाला होतात!"

"शेवाळी चांगलाच दिसला असता."

"दिसला असता! दवाखाना दिसला असता!"

"आणि साडी?"

"जांभळी! हजारदा सांगितलं. त्या मेल्यांनी गुलाबी रंगवली म्हणून काय झालं? ते होते का तिथे?"

"आपण तरी कुठे होतो?"

"आपण बघत होतो ना, वहिनी! ते नुसतं रंगवत बसले होते."

रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता. मांजलपूर आलं तेव्हा ती तणतणत उतरली आणि मला चहाचंही न विचारता जिना चढून गेली. वरून मोठ्याने दार लावल्याचा आवाज ऐकला, मगच मी रिक्षा वळवायला सांगितली.