लंब्या रोटीचे हात

आज अंगणातल्या चुलीवर माठ उपडा घातला. माती तापल्याचा वास सुटला आणि मी मनानं थेट गोहलपुरातल्या मावशीच्या दारात जाऊन उभी राहिले.

तेव्हा माझं लग्न जुळवणं चालू होतं. बघून गेलेल्यांनी निरोप धाडला, "लड़की के हाथ भारी हैं." त्या दिवसापासून मी काकडी आणि लिंबूपाण्यावर होते. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कुडते घालत होते.

मावशी लंब्या रोट्या करत होती. कणीक इतकी सैल की बोटांतून ओघळायची. तिनं गोळा उचलला, या हातावरून त्या हातावर झेलत राहिली आणि बघता बघता रोटी कोपरापर्यंत पसरली. इतकी पातळ की तिच्यातून चुलीचा जाळ दिसला. मग अलगद ती तापल्या माठावर गेली. मी मावशीच्या हातांकडे पाहिलं. ते रुंद, मांसल, कणकेनं माखलेले हात हुबेहूब माझे होते!

"काहून उपाशी राहून राहिली वं?" मावशी म्हणाली. "चल, बाह्या कर वर. धर."

तिनं गारेगार कणीक माझ्या हातांवर सोडली. माझी रोटी फाटली, अर्धी चुलीत पडली. उरलेली माठावर भाजून मी उभ्यानंच खाल्ली. मग मावशीच्या रोट्या घेऊन बसले, पोट भरेपर्यंत.

आज माझी रोटी कोपरापर्यंत आली. दारात उभी असलेली माझी लेक बघतच राहिली.

"मम्मी, तुझे हात..." एवढंच म्हणाली, आणि स्वतःच्या बाह्या वर करू लागली.