मोठ्या बाईंना न पटलेला रिपोर्ट

शांत बाळ दिसलं की मोठ्या बाई अस्वस्थ व्हायच्या. जळगावच्या ज्या दवाखान्यात मी नर्स होते, तिथं नवजात बाळांच्या विभागाच्या त्या मुख्य डॉक्टर होत्या. चहासुद्धा त्या पाळण्यांमधून फिरतच प्यायच्या. म्हणायच्या, "बाळाला सांगता येत नाही गं. आपणच त्याच्या मागे लागायचं."

एकदा भडगावकडची नुकतीच जन्मलेली मुलगी आली. ताप नव्हता, पण दूध ओढत नव्हती. आजी कौतुकानं म्हणाली, "पोर गुणी शे माय, रडतच नही."

"तेच मला आवडलं नाही, अक्का," म्हणत बाईंनी रक्त घ्यायला सांगितलं.

आजीनं नात छातीशी धरली. "इतलंसं लेकरू! बठ्ठं रगत काढी लेशात का?"

बाईंनी तिच्या हातात ती इवलीशी नळी दिली. "यात मावेल तेवढंच."

रक्तातला संसर्ग दाखवणाऱ्या सीआरपी तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. मुलीचा बाप घरी न्यायची घाई करू लागला. बाईंचे मात्र हात चाललेच होते. जंतू वाढवून ओळखायच्या कल्चर तपासणीसाठी रक्त पाठवून त्यांनी अँटिबायोटिक सुरूही केलं होतं.

"रिपोर्ट चांगला आहे, मग सुया कशाला?" बाप चिडला.

"जंतू रक्तात आधी शिरतो, भाऊ, रिपोर्टात मागून दिसतो. पारोळ्याचं एक बाळ मी असाच रिपोर्ट बघून घरी सोडलं होतं. परत आणलं तेव्हा माझ्या हातात काही उरलं नव्हतं."

त्यानं भरलेली पिशवी पुन्हा खाटेखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासलं, तर सीआरपी चांगलाच चढलेला. पुढे कल्चरमध्ये जंतूही सापडला. पण औषध आधीच सुरू झालं होतं, म्हणून मुलगी वाचली.

बाईंच्या निवृत्तीच्या समारंभात भाषणं चालू असताना धरणगावहून एक बाळ आलं, निळं पडलेलं. बाई हार काढून धावल्या. रक्त घेतलं, औषध दिलं, सगळं केलं. संध्याकाळी बाळ गेलं.

निघताना मला म्हणाल्या, "कल्चर आलं की फोन कर."

"आता काय उपयोग, बाई?"

"कुठला जंतू होता ते कळलं, तर पुढच्या बाळाला नेमकं औषध देता येईल."

रिपोर्ट आल्यावर मी त्यांच्या धुळ्याच्या घरी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला. "सांग," एवढंच म्हणाल्या.